अटी घालणारं फळ

फ्रेडरिक कोव्हिल हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०६ मध्ये त्यांनी ब्लूबेरीची रोपं वाढवून पाहायला घेतली आणि त्यांना कशाची म्हणून कमी पडू दिली नाही. बागेतली कसदार माती दिली, शेणखत दिलं, कुठे चुना मिसळून पाहिला. रोपं पिवळी पडली, खुरटली, मरून गेली. रानातल्या निकस, रेताड, कुजक्या पाचोळ्याच्या आंबट मातीत ठेवलेली रोपं मात्र तरारली. ज्या जमिनीकडे शेतकरी ढुंकूनही बघत नाही तीच या झुडपाला लागते, हे कळायला कोव्हिल यांची काही वर्षं गेली. १९१० मध्ये त्यांनी या प्रयोगांवर एक सरकारी पुस्तिका काढली. ब्लूबेरीची शेती म्हणतात ती त्या पुस्तिकेपासून सुरू होते.

म्हणजे हे पीक अजून सव्वाशे वर्षांचंही नाही. आंबा, द्राक्ष, डाळिंब, अंजीर यांना माणसाने हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं. किती पिढ्यांनी कलमं बांधली याचा हिशेबही कुणाकडे नाही. ब्लूबेरीचं तसं नाही. तिला रानातून शेतात कुणी आणलं, कुठल्या साली, कोणत्या झुडपावरून, त्या झुडपाचे किती पैसे दिले, सगळं नोंदलेलं आहे. आणि या नोंदी वाचत गेलं की एक गोष्ट ठळक होत जाते. या झुडपाच्या अटी फार. माती आंबटच हवी, हिवाळा कडकच हवा, पाणी हवं पण पायाशी साचलेलं नको, फुलांवर येणारे कीटकही विशिष्ट. गेल्या शंभर वर्षांत माणसाने केलं काय, तर या अटी एकेक करून पुऱ्या केल्या, नाहीतर त्यांना वळसा घातला. आज वर्षाचे बाराही महिने जगातल्या कुठल्या ना कुठल्या शेतात ब्लूबेरीची तोडणी चालू असते, ती त्यामुळे.

मुळात हे फळ उत्तर अमेरिकेचं. व्हॅक्सिनियम या वंशात शेकडो जाती आहेत आणि त्या जगभर पसरल्या आहेत. क्रॅनबेरी त्यातलीच, युरोपातल्या जंगलात मिळणारी बिलबेरी त्यातलीच, आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरातही या वंशातली झुडपं आहेत. बाजारात ब्लूबेरी म्हणून जे येतं ते मात्र अमेरिकी जातींचं. बिलबेरी फोडली तर आत गडद जांभळी आणि बोटं रंगवणारी. ब्लूबेरीचा गर आत फिकट हिरवट. युरोपात जंगलात जाऊन बिलबेरी वेचणाऱ्यांना डब्यातली ब्लूबेरी पाणचट वाटते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ब्लूबेरीची लागवड केली नाही, पण तिची निगा राखली. १६१५ मध्ये फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शॅम्प्लेन ह्युरॉन सरोवराकडे गेला, तेव्हा तिथले लोक ही फळं गोळा करून हिवाळ्यासाठी वाळवून ठेवताना त्याला दिसले. आजच्या मेन राज्याच्या किनारपट्टीला वाबानाकी जमाती झुडपांची पठारं मुद्दाम जाळत. वरचं सगळं जळून जाई, जमिनीतल्या आडव्या खोडांना धक्का लागत नसे, आणि पुढच्या वसंतात नवे, जोमदार फुटवे येत. मेनमधलं ब्लूबेरीचं उत्पादन आजही याच तत्त्वावर चालतं. ही झुडपं गुडघ्याच्याही खाली राहणारी, हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या रेताड माळावर आपोआप पसरलेली. ती कुणी लावलेली नाहीत. जमिनीचा मालक झाडं आणि तण काढतो, एक वर्षाआड झुडपं जाळतो किंवा जमिनीलगत कापतो, आणि त्यामुळे दर वर्षी निम्म्याच शेतावर फळ येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात हे फळ डबाबंद करून उत्तरेच्या सैन्याला पाठवलं गेलं आणि मेनमध्ये त्याचा धंदा झाला. १८८० च्या दशकात अबायजा टॅबट या गृहस्थांनी दातेरी सुपासारखं एक हत्यार तयार केलं. ते झुडपातून ओढलं की फळ आत आणि पानं बाहेर. अजूनही तेच वापरतात, काही ठिकाणी ट्रॅक्टरला जोडून. हे हत्यार ओढणाऱ्यांत पासामाक्वोडी आणि कॅनडातून येणारी मिगमॉ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पासामाक्वोडी जमातीची तर आता स्वतःची ब्लूबेरी कंपनी आहे. हे रानफळ जवळजवळ सगळं गोठवून विकलं जातं. मफिनमध्ये आणि दह्यात सापडणारी बारीक, गडद ब्लूबेरी बहुधा ही असते.

ताजी म्हणून जी खातात ती वेगळी. ती उंच झुडपाची, माणसाएवढ्या किंवा त्याहून उंच वाढणारी, आणि तिची कथा न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग या गावची.

एलिझाबेथ व्हाइट यांच्या वडिलांची तिथे क्रॅनबेरीची मोठी बाग होती. क्रॅनबेरी शरद ऋतूत येते. तिथल्या पाइनच्या रानात ब्लूबेरीही होती, तिचा हंगाम जुलैचा. म्हणजे त्याच मजुरांना, त्याच आंबट दलदलीच्या जमिनीवर, उन्हाळ्यातही काम देता येईल असा सरळ हिशेब. पण रानटी झुडूप शेतात लावता येत नाही असंच सगळे धरून चालले होते. १९११ मध्ये कोव्हिल यांची पुस्तिका व्हाइट यांच्या वाचनात आली. त्यांनी कृषी खात्याला पत्र घातलं: जमीन आमची, मजूर आमचे, ज्ञान तुमचं.

पुढे जे झालं ते प्रयोगशाळेत झालं नाही. कोव्हिल यांना संकरासाठी मोठ्या फळांची झुडपं हवी होती, आणि हजारो एकर रानात ती कुठे आहेत हे ठाऊक असणारी माणसं म्हणजे तिथले लाकूडतोडे, शिकारी, फळं वेचणारे. व्हाइट यांनी त्यांना भोक पाडलेली एकेक पट्टी वाटली. भोक पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप दाखवायचं आणि एक ते तीन डॉलर घ्यायचे. शिवाय झुडपाला शोधणाऱ्याचं नाव मिळणार. हार्डिंग, सूय, ग्रोव्हर ही वाणांची नावं अशी आली. रूब लीक या माणसाने दाखवलेल्या झुडपाला ‘रुबेल’ म्हणायचं ठरलं. त्याचं कारण व्हाइट यांनीच सांगून ठेवलंय: रूब हे नाव त्यांना फळाला शोभेसं वाटेना, आणि लीक म्हटलं की कांद्याच्या भाजीचा वास येई. रुबेल आजही लावतात. आज जगात असलेल्या उंच झुडपांच्या वाणांच्या वंशावळी मागे नेल्या, तर त्यातल्या फार मोठ्या भागाच्या मुळाशी रुबेल, सूय आणि कोव्हिल यांनी न्यू हॅम्पशरच्या एका कुरणात निवडलेलं ब्रुक्स, अशी मोजकी झुडपंच निघतात. इतक्या थोड्या झुडपांवर एक जागतिक पीक उभं राहावं, हे जनुकीय विविधतेच्या दृष्टीने फारसं बरं नाही.

१९१६ मध्ये व्हाइट्सबॉगचं पहिलं फळ बाजारात गेलं. पेटीवर पारदर्शक सेलोफेन लावून आतला माल दिसेल अशी विक्री करण्याची कल्पनाही व्हाइट यांनी रूढ केली. १९२० मध्ये ब्रुक्स आणि सूय यांच्या संकरातून आलेलं ‘पायोनियर’ हे वाण निघालं. कोव्हिल १९३७ मध्ये वारले, तोवर त्यांनी हजारो संकरित रोपं वाढवून पाहिली होती. त्यांच्याच संकरांतून पुढे १९५२ मध्ये आलेलं ‘ब्लूक्रॉप’ हे वाण कित्येक दशकं जगभर सर्वाधिक लावलं गेलं. ही वाणं सरकारी होती, ज्याला हवी त्याने न्यावीत.

मातीची अट समजली. तिच्यामागचं कारण मुळांत आहे. ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक, वरच्या वीतभर थरातच पसरणारी आणि मूळरोमच नसलेली. त्यांच्या पेशींत एक बुरशी वस्तीला असते आणि आंबट, कुजक्या मातीतलं अन्न ती मुळाला मिळवून देते. सामू साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असला की लोह विरघळलेल्या रूपात मिळतं. तो वाढला की लोह अडकून बसतं आणि पानं पिवळी पडतात. नत्रही तिला अमोनियाच्या रूपातला हवा. म्हणून हे पीक घेणारा शेतकरी अमोनियम सल्फेट वापरतो आणि ठिबकच्या पाण्यात आम्ल सोडतो. ज्या जमिनीत आम्लता नाही तिथे ती नळीतून द्यायची.

दुसरी अट जास्त चिवट होती. कोव्हिल यांनी काही झुडपं हिवाळाभर उबदार काचघरात ठेवली. थंडीपासून वाचवलं म्हणजे ती लवकर फुटतील असं कुणालाही वाटेल. ती फुटलीच नाहीत. वसंत आला, उजेड वाढला, तरी डोळे मिटलेलेच. मग त्यांनी एक सुरेख प्रयोग केला. काचघरातल्या एका झुडपाची एक फांदी काचेतल्या भोकातून बाहेर काढली आणि हिवाळाभर तशीच ठेवली. वसंतात बाहेर गारठलेल्या त्या फांदीला पानं फुटली. आत उबेत राहिलेलं बाकीचं झुडूप ढिम्म. मूळ एक, खोड एक, माती एक. म्हणजे थंडीचा हिशेब झुडूप ठेवत नाही, प्रत्येक फांदी आपापला ठेवते. न्यू जर्सी-मिशिगनच्या वाणांना सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खालचे आठशे ते हजार तास भरावे लागतात. ते भरल्याशिवाय फूल नाही.

ही अट मोडली ती फ्लोरिडात. तिथल्या रेताड पाइनच्या रानात व्हॅक्सिनियम डॅरोवी नावाची एक ठेंगणी, सदाहरित ब्लूबेरी आहे. फळ बारीक, व्यापाराला कुचकामी, पण तिला थंडीची फिकीर नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या राल्फ शार्प यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच तिचा उत्तरेच्या मोठ्या ब्लूबेरीशी संकर सुरू केला. यात अडचण होती. उत्तरेच्या झुडपात गुणसूत्रांचे चार संच, फ्लोरिडाच्या झुडपात दोन. असा संकर सहसा वांझोटा जातो. पण डॅरोवीच्या काही बीजपेशी निम्म्या न होता पूर्ण संच घेऊन येतात, आणि तेवढ्या फटीतून संकर साधला. ‘शार्पब्लू’सारखी वाणं १९७० च्या दशकात बाहेर आली. नंतर पॉल लायरीन यांनी ते काम पुढे नेलं. आणि १९९८ मध्ये मिसिसिपीतल्या सरकारी केंद्राने ‘बिलॉक्सी’ नावाचं एक वाण प्रसिद्ध केलं. अमेरिकेत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. ते फार लवकर फुलायचं आणि उशिराच्या हिमात मार खायचं. पण त्याला थंडी जवळजवळ लागत नव्हती आणि त्यावर पेटंटही नव्हतं. जिथे हिम पडतच नाही तिथल्या लोकांना आणखी काय हवं?

ती जागा पेरू देशाच्या किनाऱ्यावर निघाली.

त्याआधी व्यापाराचं गणित सांगायला हवं. अमेरिका-कॅनडाची ताजी ब्लूबेरी एप्रिलमध्ये फ्लोरिडा-जॉर्जियात सुरू होते आणि सप्टेंबरात वॉशिंग्टन-ब्रिटिश कोलंबियात संपते. नंतर हिवाळाभर बाजार मोकळा. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा. हे ओळखून आधी न्यूझीलंडने आणि मग १९९० च्या दशकात चिलीने माल पाठवायला सुरुवात केली. आधी विमानाने, चैनीची वस्तू म्हणून, आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या कंटेनरमधून जहाजाने. पण चिलीचा माल नोव्हेंबर-डिसेंबरनंतर जोर धरतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर ही फट उरली होती आणि त्या दिवसांत भाव चढे असत.

पेरूची उत्तर किनारपट्टी म्हणजे वाळवंट. पाऊस जवळजवळ नाही. ला लिबर्ताद प्रांतात सांता नदीचं पाणी कालव्याने आणणारा चाविमोचिक प्रकल्प, आणि त्याच्या उत्तरेला अँडीज पर्वताच्या पोटातून सुमारे २० किलोमीटरचा बोगदा खणून अटलांटिककडे वाहणारं पाणी पॅसिफिकच्या बाजूला वळवणारा ओल्मोस प्रकल्प, यांनी तिथली वाळू ओलिताखाली आणली. ओल्मोसचं पाणी २०१४ मध्ये शेतात आलं. कार्लोस हेरेदा या उद्योजकाने २००६ मध्ये चिलीतून चौदा वाणं आणून पेरूत लावून पाहिली होती. त्यातली मोजकीच टिकली, आणि त्यांत सरस ठरलं ते बिलॉक्सी. मग कांपोसोलसारख्या मोठ्या कंपन्या उतरल्या. २०१० च्या सुमारास पेरूची ब्लूबेरी निर्यात नगण्य होती. २०१९ मध्ये त्याने चिलीला मागे टाकून निर्यातीत पहिला क्रमांक घेतला, आणि २०२४ मध्ये निर्यात दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेली. एवढ्या थोड्या वर्षांत शून्यातून शिखरावर गेलेलं दुसरं फळ मला तरी सांगता येणार नाही.

तिथल्या शेतात गेलेल्या माणसाला चमत्कारिक वाटतं ते हे की झुडूप कधी झोपतच नाही. थंडी नसल्यामुळे पानगळ नाही. एकाच फांदीवर कळी, फूल, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ एकत्र. हंगाम हवामान ठरवत नाही, छाटणी ठरवते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे समजायला वेळ लागणार नाही. ऑक्टोबर छाटणीची तारीख ठरवून तो माल कुठल्या आठवड्यात येईल ते ठरवतो, तसंच पेरूतले शेतकरी छाटणीचा आठवडा ठरवून सप्टेंबरची फट गाठतात.

माल वाढला, तसा खाणाराही वाढायला हवा होता. तो वाढला एका आकड्यामुळे. १९९० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी फळंभाज्या परीक्षानळीत तपासून त्यांची ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता मोजली आणि ब्लूबेरी यादीत वरच्या नंबरात आली. १९९९ मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या जेम्स जोसेफ आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना ब्लूबेरीचा अर्क खाऊ घातला, तेव्हा त्यांच्या हालचाली आणि स्मरण सुधारल्याचं दिसलं. बागायतदारांच्या संघटनांनी हे उचललं, मासिकांनी उचललं, आणि ‘सुपरफूड’ हे बिरुद चिकटलं. परीक्षानळीतला आकडा माणसाच्या शरीरात तसाच लागू पडतो याला पुरावा नाही, आणि कंपन्या त्याचा जाहिरातीसाठी गैरवापर करतात, असं सांगून कृषी खात्याने २०१२ मध्ये ती आकड्यांची यादीच आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. तोवर बाजार उभा राहिला होता. ब्लूबेरी वाईट आहे असं मुळीच नाही. तिच्यातली जांभळी रंगद्रव्यं जांभळातही आहेत आणि करवंदातही. फरक इतकाच की जांभळाच्या पाठीशी वर्गणी गोळा करून संशोधन आणि जाहिरात करणारं राष्ट्रीय मंडळ नाही.

२०१० मध्ये जगात लावलेल्या ब्लूबेरीचं उत्पादन साडेचार लाख टनांच्या आत होतं. २०२२ पर्यंत ते अठरा लाख टनांच्या पलीकडे गेलं. स्पेनचा वेल्व्हा, मोरोक्कोचा किनारा, मेक्सिकोचा हालिस्को, दक्षिण आफ्रिका, पोलंड सगळे यात आले. युरोपचा बराचसा माल रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि तिथून वाटला जातो. सर्वांत मोठी उडी चीनची. ईशान्येच्या जिलिनमध्ये १९८० च्या दशकात संशोधन सुरू झालं होतं, पण खरा जोर आला तो दक्षिणेच्या युन्नान पठारावर. तिथे दिवसा लखलखीत ऊन, रात्री गारवा आणि हिवाळ्याच्या शेवटापासून माल. आज उत्पादनात चीन अमेरिकेच्याही पुढे आहे, आणि पिकवलेलं बहुतेक सगळं स्वतःच खातो. पेरूलाही चीनची बाजारपेठ हवी आहे. लिमाच्या उत्तरेला चिनी भांडवलातून बांधलेलं चांकाय बंदर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि महिन्याच्या वर लागणारा शांघायचा प्रवास तेवीस-चोवीस दिवसांवर आला. ताज्या फळाच्या व्यापारात दहा दिवस म्हणजे फार झाले.

ज्या देशाने हे पीक जन्माला घातलं तिथला शेतकरी या सगळ्यात कुठे आहे? जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या बागायतदारांनी तक्रार केली की आयातीने आमचे भाव पाडले. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये एकमताने निर्णय दिला: आयात वाढली हे खरं, पण तिने उद्योगाला गंभीर इजा झालेली नाही. हा निर्णय बरोबर की चूक हे ज्याच्या त्याच्या बांधावरून ठरतं. पण वर्षभर दुकानात फळ दिसल्यामुळे लोकांना ते रोज खायची सवय लागली, आणि तिचा फायदा अमेरिकी शेतकऱ्यालाही झाला, हे नाकारता येत नाही.

थंडीची अट कायमची मिटली असं वाटत असतानाच २०२३ उजाडलं. पेरूचा किनारा विषुववृत्ताच्या इतका जवळ असून सौम्य राहतो तो हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे. त्या वर्षी एल निनोने किनाऱ्यालगतचा समुद्र तापवला आणि हवेचं तापमान नेहमीपेक्षा कित्येक अंशांनी वर राहिलं. झुडपं फोफावली, पण फुलायची थांबली. हंगाम उशिरा आला आणि माल एकदम घटला. अमेरिकेत ऑक्टोबरात डबीचा भाव कडाडला. गंमत अशी की भाव इतके चढले की वर्षाची डॉलरमधली कमाई उलट वाढली. अर्थात ज्यांच्याकडे फळ होतं त्यांची. बिलॉक्सीला हजार तासांचा हिवाळा नको होता, पण रात्रीचा गारवा हवाच होता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

यावर उपाय म्हणून पुन्हा नवी वाणं. पण आता ती सरकारी नाहीत. मोठी, टणक, कुरकुरीत फळं देणारी वाणं खासगी पैदासकार कंपन्यांच्या मालकीची आहेत. रोप विकत मिळत नाही, परवान्यावर मिळतं. रोपामागे स्वामित्वशुल्क, काही ठिकाणी विकलेल्या मालावरही, आणि माल विकायचा तो ठरलेल्या कंपनीमार्फतच. व्हाइट्सबॉगच्या लाकूडतोड्याला झुडपामागे तीन डॉलर आणि नाव मिळालं होतं. एखाद्या लहान शेतकऱ्याला या धंद्यात शिरायचं तर आज पहिला खर्च जमिनीचा नसतो, या परवान्याचा असतो.

एक अट अजून कुणाला मोडता आलेली नाही. ताज्या ब्लूबेरीला हात लागतो. घोसातली फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झुडपापाशी दर काही दिवसांनी परत यावं लागतं. फळाच्या देठाकडची कडा तांबूस असेल तर ते अजून आंबट, थांबायचं. निळेपणा पूर्ण आला असेल तर अंगठ्याने हलकेच गोल फिरवून ते तळहातात पाडायचं, ओढायचं नाही; ओढलं की देठाची जागा फाटते आणि तिथून बुरशी शिरते. आणि चोळायचं तर मुळीच नाही. फळाचा निळा रंग रसात नसतोच, रस गडद लालसर असतो. निळाई येते ती सालीवरच्या पांढरट मेणाच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरल्यामुळे; ब्रिस्टलच्या संशोधकांनी हे २०२४ मध्ये दाखवून दिलं. मेण पुसलं की फळ काळं दिसतं, आणि दुकानदार काळं फळ शिळं समजतो. प्रक्रियेसाठी जाणारं फळ यंत्राने झुडूप हलवून पाडतात. ताज्या फळासाठीही तशी यंत्रं वापरात येताहेत, पण मार लागलेलं फळ तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास सोसत नाही.

म्हणून हंगामात पेरूच्या किनाऱ्यावर हजारो माणसं लागतात, त्यात बायका मोठ्या संख्येने, आणि बऱ्याच जणी डोंगरातल्या गावांतून उतरून आलेल्या. डिसेंबर २०२० मध्ये या शेतमजुरांनी महामार्ग अडवले. आधी दक्षिणेच्या इकात, मग ला लिबर्तादमधल्या विरूमध्येही. शेतकंपन्यांना करसवलती आणि मजुरांबाबत सैल नियम देणारा वीस वर्षांचा कायदा संसदेने काही दिवसांत रद्द केला. आंदोलनात माणसं मेली. महिनाअखेरीस आलेल्या नव्या कायद्याने शेतमजुरांना किमान वेतनाच्या तीस टक्के विशेष भत्ता लागू केला. डबीवरच्या किमतीत हे सगळं कुठेतरी असतं.

भारताचा या व्यापाराशी संबंध दोन टोकांनी येतो. एक टोक सगळ्यांना दिसतं: सव्वाशे ग्रॅमची प्लास्टिकची डबी, मॉलमध्ये किंवा घरपोच माल देणाऱ्या ॲपवर, परदेशी फळांच्या रांगेत. वाशीच्या बाजारातून ती मुंबई-पुण्याला पसरते. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी भारताने अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात ब्लूबेरीवरचं आयातशुल्क कमी करायचं कबूल केलं आणि पुढे ते कमी केलंही.

दुसरं टोक जमिनीत आहे, खरं म्हणजे कुंडीत. मोरोक्को, स्पेन, युन्नान आणि आता पेरूमध्येही नवी ब्लूबेरी जमिनीत लावत नाहीत. वीस-पंचवीस लिटरच्या कुंडीत किंवा पिशवीत लावतात, आणि त्या पिशवीत मोठ्या प्रमाणात असतो नारळाच्या काथ्याचा भुसा, कोकोपीट. तो येतो प्रामुख्याने भारत आणि श्रीलंकेतून. तमिळनाडूत पोल्लाचीच्या पट्ट्यात काथ्याच्या गिरण्यांचे ढीग एकेकाळी अडगळ होते. आता तो भुसा गोड्या पाण्याने धुतात, त्यातलं सोडियम-पोटॅशियम काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात, वाळवून पाच किलोच्या विटा दाबतात आणि कंटेनर भरतात. मिठाच्या बाबतीत ब्लूबेरी फार नाजूक, त्यामुळे धुण्यात हयगय झाली तर माल परत येतो. कोकोपीट, ठिबकमधून आम्ल आणि अन्न, वर जाळी किंवा प्लास्टिक: जमीन कशीही असो, पिशवीत व्हाइट्सबॉग तयार करता येतं.

मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात हल्ली वारंवार विचारला जातो. पाचगणीच्या परिसरात काहींनी पॉलिहाऊसमध्ये कुंड्यांतून कमी थंडीची वाणं लावून फळ घेतलंही आहे. स्ट्रॉबेरीमुळे तिथे नाजूक फळ तोडायचा, प्रतवारी करून पॅक करायचा सराव आहे, सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची माती मुळातच आंबट आहे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ असा की पेरूचा माल ओसरलेला असतो आणि अमेरिकेचा आलेला नसतो. अडचणीही तितक्याच खऱ्या. तिथला चार महिन्यांचा पाऊस या मुळांना सोसत नाही, म्हणजे छप्पर आलंच. छप्पर आलं की एकरी खर्च काही पटींनी वाढतो. चांगलं वाण हवं तर परवाना. शिवाय आयातशुल्क उतरलेलं, आणि पेरूवाले छाटणीच्या तारखा सरकवून हंगाम दोन्ही बाजूंनी ताणताहेत. ज्याच्याकडे पुण्या-मुंबईचं पक्कं गिऱ्हाईक आणि शीतगृह आहे, त्याने थोड्या कुंड्यांवर करून बघायला हरकत नाही. कर्ज काढून दहा एकर लावायचा सल्ला मी कुणाला देणार नाही.